ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल तपासताना

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. बऱ्याच नव्या गाड्यांत या ऑइलसाठी डिपस्टिकच (लेव्हल मोजायची खुणांची पट्टी) नसते. तिथे खालचा प्लग उघडून, ठरलेल्या तापमानाला लेव्हल बघावी लागते. ते काम गॅरेजवर सोपवा.

डिपस्टिक असेल तर गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवून परत पी (पार्किंग) वर आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच बघतात, काहींत बंद करून. इथे अंदाज नको. मग डिपस्टिक धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, बाहेर काढा आणि 'हॉट' खुणेशी ताडून बघा. गरम झाल्यावर ऑइल फुगतं, म्हणून थंड गाडीत ही खूण बघून ऑइल ओतू नका.

लेव्हल बघता बघता एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकाच. माझ्या मते हे लेव्हलइतकंच महत्त्वाचं आहे. ऑइल सहसा लाल आणि पारदर्शक असतं. काळपट होऊन जळका वास येत असेल तर आतले क्लच झिजत असावेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर बहुधा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मिसळलंय, गाडी चालवूच नका.

कमी असेल तर मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल डिपस्टिकच्या नळीतून बारीक नरसाळ्याने थोडं थोडं घाला, दरवेळी पुन्हा मोजा. जास्त झालं तर फेस येतो आणि गिअर घसरतात. तेव्हा जास्तीचं काढावंच लागतं. आणि लेव्हल पुन्हा उतरली तर गळती शोधा.