घोड्यांना घाबरणारा तरुण आणि शायेनमधला नसलेला कुत्रा

प्रश्न असा: उत्तर अमेरिकेतल्या लाकोटा आणि शायेन या मूलनिवासी जमातींच्या योद्ध्यांची चरित्रं मराठीत आणताना ‘यंग मॅन अफ्रेड ऑफ हिज हॉर्सेस’ या नावाचं ‘स्वतःच्या घोड्यांना घाबरणारा तरुण’ असं भाषांतर चालेल का? ‘शायेन’ हा शब्द फ्रेंच ‘शियँ’, म्हणजे कुत्रा, यावरून आला हे खरं का? आणि ‘चीफ’ला सरदार म्हणावं की राजा?

आधी एक विनंती. लाकोटा ज्या मोठ्या समूहात मोडतात त्याला इंग्रजी स्पेलिंगवरून ‘सिऊक्स’ लिहिणं थांबवा. शेवटचा एक्स हा फ्रेंचांच्या अनेकवचनाचा अवशेष आहे आणि तो उच्चारत नाहीत. शब्द ‘सू’. तोही त्यांचा नाही. शेजारच्या ओजिब्वे-ओडावा लोकांनी दिलेल्या ‘नादोवेसी’सारख्या नावाला फ्रेंचांनी आपलं अनेकवचन चिकटवलं, मग पुढचं सगळं गाळून शेपूट तेवढं ठेवलं. लाकोटांपुरतं बोलायचं असेल तर सरळ ‘लाकोटा’ लिहावं.

आता नाव. मूळ लाकोटा नाव ‘तशुंके कोकीपापी’. (पाप-पुण्याशी संबंध नाही. ‘कोकीपा’ म्हणजे भिणं, शेवटचा ‘पी’ अनेकवचनाचा.) ‘त’ म्हणजे त्याचा, ‘शुंके’ म्हणजे घोडा. ‘त्याच्या घोड्याला ते भितात.’ भिणारे अनेक आहेत, म्हणजे शत्रू, आणि घोडा त्याचा. नुसता घोडा दिसला तरी समोरच्यांना धडकी भरावी असा माणूस. दुभाष्याने ‘पी’ सोडून दिला आणि इंग्रजी कागदांत एक शूर नायक जन्मभर भित्रा ठरला. मराठीत त्या इंग्रजीवरून भाषांतर करणं म्हणजे तोच अन्याय दुसऱ्यांदा करणं. ‘यंग मॅन’ हा तर नावाचा भागच नाही. बापलेकांचं नाव एकच, म्हणून कारकुनांनी ओळखीसाठी लावलेली ती खूण. आपल्याकडे थोरले माधवराव असतात, तसा हा ‘धाकटा तशुंके कोकीपापी’.

तोच ‘तशुंके’ प्रसिद्ध लाकोटा योद्धा क्रेझी हॉर्सच्या नावात आहे: ‘तशुंके विट्को’, त्याचा घोडा बेफाम आहे. वेडा घोडा नव्हे, आणि वेडा माणूस तर नव्हेच. अमेरिकन हॉर्स म्हणजे ‘वशिचुन तशुंके’, गोऱ्याचा घोडा बाळगणारा. 1860च्या दशकात ओग्लालांनी, म्हणजे लाकोटांच्याच एका शाखेने, चार तरुण नायकांना मानाचे अंगरखे दिले, त्यांत हे तिघेही होते. चौघांतल्या तिघांच्या नावात घोडा!

पण खरी गंमत ‘शुंके’च्या मूळ रूपात, ‘शुंका’त आहे. शुंका म्हणजे कुत्रा. स्पॅनिशांनी आणलेला घोडा दक्षिणेकडून हळूहळू अठराव्या शतकात लाकोटांपर्यंत पोचला. तोवर दोन लांब काठ्यांवर बांधलेलं ओझं ओढायचं काम कुत्र्याचं होतं. नवा प्राणी तेच काम कितीतरी पट करू लागला, तेव्हा त्याला नाव मिळालं ‘शुंका वाकान’: गूढ, दैवी कुत्रा. ब्लॅकफूट लोकांनी त्याच घोड्याला ‘एल्क-कुत्रा’ म्हटलं (एल्क म्हणजे एक मोठं हरीण). तेव्हा ज्या नावांत आपल्याला घोडा दिसतो, त्यांत कुत्रा दडलेला आहे; आणि ज्या ‘शायेन’मध्ये लोक हट्टाने कुत्रा शोधतात, तिथे तो मुळीच नाही.

‘शियँ’ची व्युत्पत्ती टिकून आहे ती शायेनांच्या ‘डॉग सोल्जर्स’ या लढाऊ संघामुळे. हा संघ खरा, प्रसिद्ध आणि शूर, पण जमातीचं नाव त्यावरून आलेलं नाही. ते स्वतःला ‘त्सित्सिस्तास’ म्हणतात. ‘शायेन’ हा लाकोटांचे भाऊबंद डाकोटा यांचा ‘शहियेना’, लाकोटांचा ‘शहियेला’. जुना अर्थ असा की ‘शा’ म्हणजे तांबडा आणि ‘इया’ म्हणजे बोलणं: तांबडं बोलणारे, ज्यांची भाषा कळत नाही असे. उलट ‘स्का’ म्हणजे पांढरा, स्वच्छ. म्हणून ‘इयेस्का’ म्हणजे स्वच्छ बोलणारा, दुभाष्या. काही भाषाशास्त्रज्ञांना हे पटत नाही. त्यांच्या मते ‘शहिया’ हे क्री या दुसऱ्या जमातीचं नाव, त्याला लघुत्वाचा ‘ना’ किंवा ‘ला’ लागला, म्हणून ‘धाकटे क्री’. प्रत्ययाचं मान्य. पण क्रींना तरी ‘शहिया’ का म्हणायचे? त्यावर ही मंडळी गप्प! माझ्या मते तिथेही ‘न कळणारी बोली’च आहे, आणि ती नाकारायला लघुत्वाचा प्रत्यय पुरत नाही.

कारण ही नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. आपला ‘म्लेच्छ’ घ्या. बखरी वाचून त्याचा एकच धर्मवाचक अर्थ डोक्यात बसला आहे, पण संस्कृतात ‘म्लेच्छ्’ हा धातू अस्पष्ट, अशुद्ध बोलण्याचा. पतंजलीच्या महाभाष्यात असुर ‘हे अरयः’ म्हणायचं सोडून ‘हेलयो हेलयः’ म्हणतात आणि हरतात. म्हणून ब्राह्मणाने म्लेच्छासारखं बोलू नये, असं तो सांगतो. ग्रीकांचा ‘बार्बारोस’, म्हणजे ‘बर-बर’ बडबडणारा परका, त्याच जातीचा. रशियनांनी जर्मनांना दिलेलं ‘नेमेत्स’ हे नाव मुक्या माणसाच्या शब्दावरून आलं. डाकोटांनी वेगळं काय केलं?

हे नुसतं रंजन नाही. क्रेझी हॉर्सच्या शेवटात दुभाष्या आहे. ऑगस्ट 1877मध्ये नेझ पर्स या दुसऱ्या जमातीविरुद्ध लढायला चल, असं त्याला अमेरिकी लष्कराने सांगितलं. ‘एकही नेझ पर्स न उरेपर्यंत लढू’ या त्याच्या बोलण्याचं दुभाष्या फ्रँक ग्रुअर्डने ‘एकही गोरा न उरेपर्यंत’ असं केलं, असं दुसरा दुभाष्या लुई बोर्डो याने पुढे सांगितलं. 5 सप्टेंबरला फोर्ट रॉबिन्सन या लष्करी ठाण्यावर संगिनीने त्याचा जीव गेला.

चरित्रं शोधताना नेमकं काय चुकतं तेही सांगतो. एजन्सीच्या, म्हणजे जमातींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कचेरीच्या, वार्षिक शिरगणत्या 1885पासून मिळतात (अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा सूक्ष्मपट एम 595). बऱ्याच याद्यांत मूळ नाव आणि इंग्रजी नाव असे दोन स्तंभ असतात. शोध मूळ नावावर घ्या, आणि ‘श’साठी कारकुनाने एस, एसएच यांपैकी काहीही लिहिलं असेल हे धरून चाला. 1877मध्ये मेलेला माणूस तिथे सापडणार नाही. त्याची विधवा, मुलं, भाऊ सापडतील. जमीनवाटपानंतरच्या वारस-चौकशीच्या फायली त्याहून मोलाच्या, कारण त्यांत आईबाप, बायका, भावंडं यांवर साक्षी आहेत. सालासाठी लाकोटांच्या हिवाळ्यांच्या चित्रनोंदी (दर वर्षाला एक चित्र) वापरा, पण तिथलं वर्ष पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंत असतं, म्हणजे आपल्या दोन सालांत पसरतं. ‘तारे पडले तो हिवाळा’ म्हणजे नोव्हेंबर 1833चा उल्कावर्षाव. आधी तो जुळवा, मग पुढे-मागे मोजा.

एका माणसाचे दोन होतात ते वेगळंच. शायेनांचा ‘मॉर्निंग स्टार’ आणि कागदांतला ‘डल नाइफ’ एकच. दुसरं नाव लाकोटांनी दिलेलं. उलट बापाने मुलाला नाव देऊन स्वतः नवं घेतलं की दोघांचा एक होतो. क्रेझी हॉर्सचा बाप आधी क्रेझी हॉर्सच होता, लाकोटांचाच नायक सिटिंग बुल याचा बाप आधी सिटिंग बुल. नात्यांत तर इंग्रजीवर अजिबात विसंबू नका. लाकोटात बाप आणि चुलता दोघेही ‘अते’, मामा मात्र ‘लेक्शी’, आत्या वेगळी. इंग्रजीतल्या ‘अंकल’च्या मागे लेक्शी दिसला तर बहुधा ‘मामा’, पण आत्याचा नवरा तर नाही ना हे पाहून घ्या. ‘फादर’ दिसला तर बाप की काका हे आधी तपासा.

राहिलं ‘चीफ’. राजा नको, सरदारही नको. सरदाराला सरंजाम देणारा कुणी वर असावा लागतो. लाकोटांचा ‘इतांचान’ म्हणजे नायक, ‘ब्लोताहुंका’ म्हणजे मोहिमेपुरता म्होरक्या, ‘अकिचिता’ म्हणजे तळावर शिस्त राखणारे शिपाई. शायेनांकडे चव्वेचाळीस जणांचं मंडळ असे, मुदत दहा वर्षं, आणि त्यात निवडून आलेल्या लढाऊ संघाच्या म्होरक्याला संघातलं पद सोडावं लागे. अशांना ‘मंडळातला नायक’ म्हणा. आणि ‘टोळी’ दरोडेखोरांची असते. इथे ‘जमात’ लिहा.