गणित येते, पण उदाहरण सुटत नाही

प्रश्न : माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत आहे. गुणाकार-भागाकार तो बिनचूक करतो. मात्र शाब्दिक उदाहरण समोर आले की ‘आई, गुणायचे की भागायचे?’ असे विचारतो. काय करावे? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, त्याला लगेच उत्तर देऊ नका, आधी पुस्तक मिटून, उदाहरणात काय घडते आहे ते त्याला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. ‘एक बाई दिवसाला 40 किलो कापूस वेचते, तर 5 बायांना 6 क्विंटल वेचायला किती दिवस लागतील?’ हे उदाहरण घ्या. येथे मुले 6 ला 40 ने भागू पाहतात आणि अडतात, कारण एक आकडा किलोत आहे आणि दुसरा क्विंटलमध्ये. 6 क्विंटल म्हणजे 600 किलो, पाचजणींची दिवसाची वेचणी 200 किलो, म्हणून 3 दिवस. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिण्याची सवय लावलीत, तर बरीचशी अडचण तिथेच सुटेल.

‘जास्त’ हा शब्द दिसला की बेरीज करायची, ही मुलांच्या तोंडी असलेली युक्ती मात्र मला घातक वाटते. ‘आमच्याकडे 12 बकऱ्या आहेत, त्या काकांच्या बकऱ्यांपेक्षा 5 ने जास्त आहेत, तर काकांकडे किती?’ येथे वजाबाकीच करावी लागते. आलेले उत्तर व्यवहाराशी ताडून पाहायलाही सांगा : पोती 47 असतील आणि बंडीत एका वेळी 10 मावत असतील, तर खेपा 4.7 नव्हे, 5 होतात.