झाडावर चढणे कधी कमी करावे?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

झाडांच्या छाटणीचे काम माणसाला किती वयापर्यंत करता येते, असे तू विचारले आहेस. माझ्या मते हे काम साठीनंतरही करता येते. मात्र ते दोरावर लोंबकळून नव्हे. चढणाऱ्याचे झाडे पारखणारा होणे यालाच या व्यवसायात वय वाढणे म्हणायचे, आणि त्याची तयारी खांदा निकामी झाल्यावर नव्हे, तर पंचविशीतच सुरू करावी लागते.

प्रथम हातांविषयी सांगतो, कारण तरुण माणसाचे सर्वांत कमी लक्ष तिकडे असते. यांत्रिक करवतीच्या कंपनाने बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आणि मज्जातंतूंना हळूहळू इजा होते. आधी टोकांना मुंग्या येतात, मग बधिरता येते, थंडीत बोटे पांढरीफटक पडतात आणि पुढे सदऱ्याची गुंडी लावणेही जड जाते. थंड देशांत हा पांढरेपणा लवकर ध्यानात येतो. आपल्याकडच्या उकाड्यात तो दिसेलच असे नाही, म्हणून काम संपल्यावर रात्री येणाऱ्या मुंग्यांनाच इशारा समज. युरोपीय संघाने 2002 मध्ये कामगारांसाठी अशा कंपनाची कमाल मर्यादा ठरवून दिली आणि ती आठ तासांच्या दिवसाच्या हिशेबाने मोजली जाते. म्हणजे करवत किती हादरते याइतकेच ती किती वेळ हातात राहते, यालाही महत्त्व आहे. एकाच माणसाने दिवसभर करवत धरू नये, पाळी लावावी. बोथट साखळी आणि झिजलेले रबरी आधार यांमुळे कंपन वाढते, तेव्हा कानशीने साखळीला धार लावण्यात गेलेला वेळ वाया गेला असे कोणी म्हटले तरी ऐकू नकोस. करवतीचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो आणि त्याने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून कानांवर संरक्षक हवेच. खांदे, गुडघे आणि कंबर यांबद्दल एवढेच सांगतो की, दोरावर चढताना भार हातांवर न घेता पायांवर घेणारी साधने आता मिळतात. ती परवडत असतील तर आजच घे. एप्रिल-मे महिन्यांत, पावसाळ्यापूर्वीची छाटणी उरकण्याच्या घाईत, मुकादम उन्हाच्या भरातही चढायला सांगतो. तिथे नाही म्हणण्याचे धैर्य तुझ्यापाशी असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता डोळ्यांविषयी. अमेरिकेच्या वन विभागातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आतली कुज तपासली आणि 1977 मध्ये असे मांडले की, झाड जखम बरी करत नाही. ते बाधित भागाभोवती आतून भिंती उभारते आणि त्याबाहेर नवे लाकूड वाढवते. फांदी खोडाला मिळते तिथला फुगवटा राखून छाटायचे ते याचसाठी. खोडालगत सपाट कापले की तो फुगवटाच जातो आणि कुजीला थेट खोडात वाट मिळते. कापल्यावर डांबर फासण्याची आपल्याकडची सवयही सोडावी, कारण त्याने कुज थांबत नाही. एवढे समजले की कुठली फांदी मुळीच कापू नये, हे खालूनच ठरवता येऊ लागते, आणि न केलेल्या कापण्याइतके शरीर वाचवणारे दुसरे काही नाही.

पण ही नजर पुस्तकाने येत नाही. तीच झाडे वर्षानुवर्षे पाहावी लागतात. प्रत्येक कामावर वर पाहण्याआधी बुंध्यापाशी बसण्याची सवय लाव: तिथे अळंबी उगवली आहे का, हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, एका बाजूची माती नव्याने उचलली गेली आहे का, काँक्रीट घालताना मुळे तोडली आहेत का. गुलमोहराच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण त्याची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. जे दिसेल ते तारखेसह वहीत लिही. दहा वर्षांनी त्या वहीचे मोल तुझ्या साऱ्या अवजारांहून अधिक होईल.

अशा माणसाची गरज आज वाढली आहे. 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये बदल होऊन, पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण मिळाले. परंतु उभ्या झाडाचे वय सांगणार कोण? सागाच्या कापलेल्या बुंध्यावर वार्षिक वलये स्पष्ट दिसतात. वड-पिंपळांत ती तशी मोजता येत नाहीत, शिवाय वय जाणण्यासाठी झाड कापायचे नसते. तिथे घेर, वाढीचा वेग, जागेचा इतिहास आणि जुन्या रहिवाशांच्या आठवणी एकत्र जुळवणारा अनुभवी माणूस लागतो. पाहणी, गणना, कामाचे नियोजन आणि नव्या मुलांना दोर बांधायला शिकवणे ही पन्नाशीनंतरची कामे आहेत, आणि मी ती आनंदाने करतो.

शेवटी पैशांची गोष्ट. तू रोजंदारीवर आहेस आणि तुला भविष्यनिर्वाह निधी नाही, म्हणून प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेची चौकशी कर. महिना पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या असंघटित कामगाराला तिच्यात 18 ते 40 या वयातच प्रवेश मिळतो. एकोणतिसाव्या वर्षी नाव घातले तर महिना 100 रुपये भरावे लागतात, तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते, आणि साठीनंतर महिना 3000 रुपये निवृत्तिवेतन मिळते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अपघात विमा वर्षाला 20 रुपयांत बँकेतून निघतो. दोन्ही कामे या पावसाळ्यापूर्वी कर आणि झाल्यावर मला कळव.

तुझा,
काका