मुलांना स्वतःचा गेम स्टुडिओ काढायचाय, कॉलेजात काय तयारी करून घ्यावी?

तुम्ही गेम डिझाइनच्या डिप्लोमाला शिकवता आणि शेवटच्या वर्षाची चार मुलं नोकरी न शोधता स्टुडिओ काढायचं म्हणतायत. त्यांना काय शिकवू, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात छोटा स्टुडिओ चालवतो. युनिटी की गोडो (गेम बनवायची सॉफ्टवेअर) या वादात एक तासही घालवू नका, ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना विकायला शिकवा.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट व्हायवाला संपतो, तिथेच घोळ आहे. तो स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात संपू दे. गेम छोटा असला तरी चालेल, पण खरोखर विक्रीला लागलेला हवा. प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. पैसे भरल्यावर ३० दिवस गेम विक्रीला आणता येत नाही, आणि 'लवकरच येतोय'चं पान किमान दोन आठवडे आधी लावावं लागतं. मुलं गेम पूर्ण करून मग पानाकडे वळतात. माझ्या मते ते सहा महिने आधी हवं, कारण विशलिस्ट, म्हणजे गेम पुढे घ्यायचा म्हणून नोंदवून ठेवणाऱ्यांची यादी, तिथेच जमते. पान तुमच्यासमोर बनवून घ्या आणि ट्रेलर बघा. बहुतेकांचा ट्रेलर स्टुडिओच्या फिरत्या लोगोने सुरू होतो (लोगोवर मेहनत मात्र जबरदस्त!). गेम दिसेपर्यंत गिऱ्हाईक पुढे गेलेलं असतं.

मग फळ्यावर हिशेब मांडा. ५ डॉलरचा गेम, १,००० प्रती, म्हणजे ५,००० डॉलर. स्टीमचे ३० टक्के गेले, उरले ३,५००. डॉलर ८५ रुपये धरला तर तीन लाखांच्या आत. चौघांत वाटले आणि वर्षाचे बारा महिने धरले, तर माणशी महिना जेमतेम ६,२०० रुपये. यात सेलमधली सूट धरलेली नाही. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, तेही नाही. अमेरिकेतल्या विक्रीवरचा करही नाही. स्टीमला पॅन देऊन भारत-अमेरिका कर-कराराची सवलत घेतली की ३० ऐवजी १५ टक्के कापतात, एवढं त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

पुण्यात बनलेल्या 'राजी' या गेमचं उदाहरण मुलं हमखास देतात. त्यांची २०१७ची किकस्टार्टरवरची (लोकांकडून आगाऊ पैसे उभे करायची वेबसाइट) मोहीम फसली होती आणि गेम यायला २०२० उजाडलं. मधल्या काळात घर कशावर चालवणार, हे चौघांकडून वेगवेगळं लिहून घ्या. उत्तरं जुळली नाहीत तर आताच कळलेलं बरं. क्लायंटची कामं घेऊन उरलेल्या वेळात स्वतःचा गेम करण्यात कमीपणा नाही, आम्हीही तेच करतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मित्रामित्रांतला करार. पात्रं एकाने काढली, कोड दुसऱ्याने लिहिला. उद्या एकजण बाहेर पडला तर ते कोणाचं? आपल्या कॉपीराइट कायद्यात, हक्क लिहून देताना मुदत टाकली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर विकायच्या गेमला हे कसं पुरणार? म्हणून मुदत, प्रदेश आणि सोडून जाणाऱ्याचा वाटा, तिन्ही स्पष्ट लिहून वकिलाला दाखवा. सह्या डिप्लोमा संपायच्या आत घ्या. बऱ्याच कंपन्यांच्या नेमणूकपत्रात नोकरीच्या काळात केलेलं काम कंपनीचं असं कलम असतं, आणि चौघांतल्या एकाने जरी ते सही करून दिलं तर गुंता वाढतो.