विचार करत बसणे, करून बसणे आणि करून राहणे

नागपूरच्या एका ताईंनी विचारलंय की त्या शेक्सपियरच्या 'हॅम्लेट' नाटकावर मराठीत लेख लिहितायत, त्यात 'द्विधा' लिहिलं तर घरचे म्हणतात 'दुविधा' लिही, मग बरोबर काय? आणि ओव्हरथिंकिंगला आपला शब्द कुठला?

ताई, पहिला प्रश्न लवकर सुटतो. द्विधा मधला 'धा' म्हणजे 'प्रकारे', तोच शतधा मधे, बहुधा मधे पण आहे. म्हणजे द्विधा हे मुळात अव्यय, म्हणून आपण 'द्विधा मनःस्थिती' म्हणतो, 'मला द्विधा झाली' असं कोणी म्हणत नाही. दुविधा मात्र नाम आहे, द्विविधा वरून आलेलं, आणि नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी आपल्या घरातलीच, त्यामुळे इथे 'दुविधेत पडलो' सहज तोंडात येतं. मी तरी ते चूक म्हणणार नाही.

पण मला वाटतं हॅम्लेटला हे दोन्ही शब्द पुरत नाहीत. द्विधा व्हायला समोर दोन गोष्टी लागतात, बर्डीच्या बाजारात साडी घेताना ही की ती असं होतं तसं. 'जगावं की मरावं' त्या स्वगतापुरतं द्विधा चालेल, पण त्यानंतर तो राजासमोर, म्हणजे आपल्या काकासमोर, नाटक करवतो, काकानेच वडिलांचा खून केला याची त्याची खात्री पटते, मग तोच काका एकटा प्रार्थना करताना सापडतो, हातात तलवार आहे, आणि हा विचार करतो की आत्ता मारला तर हा स्वर्गात जाईल, म्हणून नको. इथे रस्ता एकच आहे आणि त्याला तो दिसतोय पण! अडलंय ते पाऊल टाकायला.

किंकर्तव्यमूढ हा शब्द अर्जुनाचा. काय करावं हेच कळत नाही, 'धर्मसंमूढचेताः' असं तो स्वतःच म्हणतो. टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात त्याच्या जोडीला हॅम्लेटचं उदाहरण घेतलंय, त्यामुळे हा शब्द वापरला तर आधार आहे, पण मला एक फरक फार मोठा वाटतो, अर्जुन धनुष्य टाकून कृष्णाला विचारतो, हॅम्लेट स्वतःलाच विचारत राहतो.

आता ओव्हरथिंकिंग. 'अतिविचार' मला भाषांतर केल्यासारखा वाटतो आणि काथ्याकूट चारचौघांत होतो, एकट्याचा नाही. खरं तर आपल्याकडे यासाठी नाम शोधूच नये, मराठीने हे काम 'बसणे' या क्रियापदाला दिलंय. रडत बसला, वाट बघत बसला, विचार करत बसला, या 'त बसणे' मधे वेळ गेला आणि हातात काही आलं नाही हे आपोआप येतं, वेगळं विशेषण लावायची गरजच नाही. आणि जरा रूप बदला, 'करून बसला', की लगेच उलटं, घाईत काहीतरी केलं आणि आता ते परत फिरवता येत नाही. हॅम्लेट प्रार्थनेच्या प्रसंगी विचार करत बसला आणि लगेच पुढच्याच प्रवेशात पडद्यामागे कोण आहे ते न बघता दरबारातल्या पोलोनियसला मारून बसला! त्याचे दोन्ही दोष एकाच क्रियापदात, फक्त प्रत्यय वेगळा. मला हे लक्षात आलं तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू.

एक सांभाळा मात्र, तुम्ही नागपूरच्या आहात म्हणून. आपण बोलताना 'तो विचार करून राहिला' म्हणतो, त्यात ठपका काहीच नाही, नुसतं चालू आहे एवढंच, बाकीकडचे 'करतोय' म्हणतात तेच. पुण्याकडचा वाचक ते वाचून गोंधळेल, त्याला वाटेल विचार करून झाला आणि मग राहिला. पण इथल्या घरात कोणी 'काऊन (म्हणजे का) विचार करत बसला रे?' म्हटलं की ठपका आलाच, म्हणजे आपल्या बोलीत राहणे आणि बसणे यातला फरक अगदी शाबूत आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

तेव्हा शीर्षकात 'द्विधा' राहू द्या, लोकांना ओळखीचा शब्द आहे, पण आत प्रार्थनेच्या प्रसंगाशी आलात की तिथे 'हॅम्लेट विचार करत बसतो' एवढंच लिहा.