एक मार्क कमी आला म्हणजे डिमेन्शिया?

प्रश्न: बाबा 71 वर्षांचे, बँकेचे व्यवहार, औषधं सगळं स्वतः बघतात. हौसेने स्मरणशक्तीच्या टेस्टची अख्खी बॅटरी (म्हणजे एकापाठोपाठ घेतलेल्या अनेक टेस्टचा संच) करून घेतली, तर दोन टेस्टमध्ये 'सरासरीपेक्षा खूप कमी' आलंय. तेव्हापासून घरात सगळे धास्तावलेत. काय करू?

उत्तर: आधी तो रिपोर्ट बाबांसमोर सारखा उघडून बसणं बंद करा बघू. आता गणित बघा, 'खालच्या 5 टक्क्यांत' हा कमी स्कोअरचा निकष धरला तर प्रत्येक टेस्टमध्ये 100 पैकी 5 धडधाकट माणसं त्यात येणारच, कारण निकषच तसा ठरवलेला असतो. आणि अशा 20 टेस्ट एकाच माणसाच्या घेतल्या, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं धरलं, तर निदान एकात तरी तो घसरण्याची शक्यता जवळपास 64 टक्के! प्रत्यक्षात टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात त्यामुळे आकडा थोडा खाली येतो, पण एखाददुसरा कमी स्कोअर ही नवलाईची गोष्ट नाहीच. शिक्षण, ऐकू कमी येणं, रात्रीची अपुरी झोप, उदासी, झोपेच्या गोळ्या, टेस्ट परक्या भाषेत घेणं, सगळ्याचा परिणाम होतो. मोका (MoCA) या स्मरणशक्ती, लक्ष वगैरे झटपट तपासणाऱ्या टेस्टमध्ये तर 12 वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर 30 पैकी एक मार्क वाढवूनच देतात.

मात्र दोन्ही कमी स्कोअर आठवणीचेच असतील, किंवा बाबा हल्ली तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत असतील, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवाच. नाहीतर वर्षभराने त्याच टेस्ट परत करा आणि तेव्हा हा रिपोर्ट सोबत न्या, तुलना त्याच्याशीच करायचीय.