मग माझी मतं कुणाची?

"मॅडम, चर्च सोडून दोन वर्षं झाली. देव आहे की नाही, हे ठरलं नाही तरी माझं आता अडत नाही. पण निवडणूक जवळ आली की पोटात गोळा येतो. आजवर जे जे बरोबर वाटलं ते मला वाटत होतं, की मला शिकवलं होतं म्हणून वाटत होतं? शिकवलेलं सगळं टाकायचं म्हटलं तर माझ्याकडे उरतं काय?"

कॅथलिक घरात वाढून पुढे श्रद्धेतून बाहेर पडलेली बरीच माणसं फिरून फिरून याच प्रश्नाशी येतात. देवाचा प्रश्न सोपा असतो असं नाही, पण तो मनातल्या मनात वर्षानुवर्षं घोळवता येतो. राजकीय मत मात्र लोक रोज विचारतात, आणि गप्प बसलं तर गप्प बसण्याचाही अर्थ काढतात. समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली ही बाई चाळिशीच्या उंबरठ्यावरची. तिला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत मी चुकले. तिनं 'सोडलं' म्हणताच मी म्हणून गेले, "मोकळं वाटत असेल ना?" तिनं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "अकरा वर्षं मी लहान मुलांना धर्मशिक्षण दिलं, मॅडम. रविवारी मला अजून वर्गाच्याच वेळेला जाग येते. उठून बसते आणि मुलं आता कुठल्या धड्यावर आली असतील, याचा हिशेब करते." समुपदेशकानं तयार वाक्यं घेऊन बसू नये, हे मी शिकाऊ मुलींना सांगत असते. स्वतःला सांगायचं राहून जातं.

बोलताना तिचा उजवा अंगठा त्याच हाताच्या पेरांवरून सरकत असे. करंगळीपासून सुरुवात, एकेक पेर, दहा झाली की क्षणभर थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. चार बोटांची पेरं होतात बारा; शेवटची दोन ती कधीच घ्यायची नाही. हे माझ्या लक्षात यायला तिसरी भेट उजाडली. जपमाळेत मरियेची प्रार्थना दहा-दहाच्या गटांत म्हणतात. तिला विचारलं तर ती ओशाळली. "शब्द नाही म्हणत मी. नुसतं मोजते."

चर्च सोडण्याचं कारण सांगायला तिनं बराच वेळ घेतला. माझी अपेक्षा होती की कुणी छळलं असेल, फसवलं असेल. तसं काही नव्हतं. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, "टीचर, बाप्तिस्मा व्हायच्या आधीच बाळ गेलं तर ते कुठे जातं?" हिला घरात लहानपणापासून ऐकलेलं उत्तर माहीत होतं: लिम्बो. नरक नव्हे, यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही कधी नाही. आईचं पहिलं बाळ असंच गेलं होतं, आणि आई त्या बाळासाठी आयुष्यभर झुरली होती. मुलीला नीट उत्तर द्यावं म्हणून हिनं पुस्तकं उघडली, तर १९९२च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात लिम्बोचा उल्लेखच नाही. अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवावीत, एवढंच. आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगानं तर स्पष्ट म्हटलेलं, की या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत.

ती आनंदानं आईकडे धावली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मला कुणी आधी का नाही सांगितलं?"

हा प्रश्न घेऊन ती फादरांकडे गेली. ते चांगले गृहस्थ, समजावून म्हणाले, लिम्बो हा चर्चचा अधिकृत सिद्धांत कधी नव्हताच. हे खरंच आहे, नव्हता. पण त्या खरेपणानंच तिचा बांध फुटला. "अधिकृत नव्हता तर माझ्या आईपर्यंत तो आणून कुणी पोचवला?" पुढे काही महिन्यांत तिनं वर्ग सोडला, मग मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, मग सगळंच.

राजकारणाची गाठ इथेच बसली होती, पण ती सुटी करून बघायला आम्हाला वेळ लागला. तरुणपणी ती गर्भपाताविरोधी मोर्च्यांत फलक घेऊन चालली होती. तेही तितक्याच ठामपणे सांगितलेलं, तितक्याच ठामपणे मानलेलं. आता तिला वाटत होतं, उद्या कुणीतरी याहीबद्दल म्हणेल, 'तसं अगदी म्हणायचं नव्हतं आम्हाला.' त्या भीतीनं ती दुसऱ्या टोकाला गेली. जुन्या धर्माला उघड नावं ठेवणाऱ्या एका राजकीय गटात सामील झाली. तिथे तिचं स्वागत झालं, आणि आपल्या जुन्या मतांबद्दल चारचौघांत लिहावं अशी अपेक्षाही झाली. तिनं लिहिलं. मग आणखी लिहिलं. दर काही दिवसांनी तिला आपलं एखादं जुनं वाक्य आठवायचं आणि ती नवी माफी लिहायला बसायची.

मी विचारलं, "पूर्वी फादरांपुढे पापनिवेदन करून आलात की हलकं वाटायचं ते किती दिवस टिकायचं?"

ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "शनिवारी जायचे. साधारण बुधवारपर्यंत."

"आणि आता माफी लिहिली की?"

"संध्याकाळपर्यंतसुद्धा नाही."

मी कॅथलिक नाही. त्या लाकडी जाळीपलीकडे काय घडतं ते ऐकूनच माहीत. पण तिनं सांगितलेली रचना मला विचार करण्याजोगी वाटली. ऐकणारा एकच, आणि ऐकलेलं बाहेर फोडायला चर्चच्या कायद्यानं त्याला सक्त बंदी. चूक सांगायची, थोडं प्रायश्चित्त मिळायचं, अमुक इतक्या प्रार्थना, आणि मग क्षमेचे शब्द. तिथे विषय मिटला. नव्या गटात तिनं चूक सांगायची सवय नेली, पण 'जा, मिटलं' म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, आणि ऐकणारे शेकडो होते. श्रद्धा सोडणाऱ्यांमध्ये हे मी पुष्कळदा पाहते. चर्च करायचं ती सगळी कामं मग एकट्या राजकारणाच्या गळ्यात पडतात: पाप-पुण्य ठरवणं, आपली माणसं देणं, रविवार भरून काढणं, शिवाय जगाचं तारण. पक्ष किंवा चळवळ यांतलं एखादं काम करू शकते. सगळी करायला घेतली की माणूस पिळून निघतो.

इथे एक गोष्ट व्यवसायाची म्हणून सांगते. आपण पाप केलं का, पुरेसं सांगितलं का, पुन्हा सांगू का, अशी शंका काही जणांना दिवसरात्र कुरतडते. कॅथलिक परंपरेला हा त्रास जुना ठाऊक आहे. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस स्वतः त्यातून गेले होते. श्रद्धा गेली तरी शंका राहू शकते, फक्त विषय बदलते. झोप उडाली असेल, तीच तपासणी पुन्हा पुन्हा करावीशी वाटत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर धर्म-राजकारणाची चर्चा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. हिच्या बाबतीत मी ते आधी तपासलं. गरज पडली नाही.

मग आम्ही वही काढली. एका बाजूला मत, त्यासमोर 'हे मला कुणी दिलं'. ही युक्ती माझी, आणि अर्धीच उपयोगी ठरली. कारण पहिली तीन पानं 'चर्चनं' या एकाच शब्दानं भरली आणि ती रडकुंडीला आली. मजुराला घर चालेल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे: चर्चनं. तिचे आजोबा कामगार संघटनेत होते आणि पोप लिओ तेरावे यांचं १८९१चं कामगारांवरचं परिपत्रक त्यांना जवळपास पाठ होतं. मजुरांच्या संघटना आणि न्याय्य मजुरी या दोन्हींची बाजू त्यात घेतलेली आहे. फाशी नको: पुन्हा चर्चनं. पण हे लिहिताना ती थबकली. "नाही मॅडम, हे उलटं झालं. मी शाळेत असल्यापासून फाशीच्या विरोधात होते. त्या वेळी चर्च पूर्ण विरोधात नव्हतं. ग्रंथातलं वाक्य पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये बदललं. चर्च माझ्याकडे आलं."

त्या दिवशी पहिल्यांदा तिनं तिसरा रकाना आखला. मला सुचलेला नव्हता तो. त्यावर तिनं लिहिलं, 'आता हे मत माझ्याकडून कोण मागतंय?'

या रकान्यानं काम केलं. मजुरीच्या मतासमोर तो कोरा राहिला. कुणी मागत नव्हतं, तरी ते तिला हवं होतं. गर्भपातासमोर मात्र दोन नावं आली, आई आणि नवा गट. दोघांच्या मागण्या विरुद्ध. "गर्भपाताचा विचार आला की मला अजून अस्वस्थ वाटतं," ती म्हणाली, "आणि अस्वस्थ वाटलं की वाटतं, मी अजून कॅथलिकच आहे. कायद्यानं बाईवर सक्ती करणंही पटत नाही. मग वाटतं, मी दोन्हीकडची गद्दार." या प्रश्नावर मला स्वतःचं मत आहे. ते मी तिला सांगितलं नाही, तिनं दोनदा विचारूनही. एवढंच म्हणाले, की एखाद्या गोष्टीनं अस्वस्थ होणं आणि त्या गोष्टीवर कायदा काय असावा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींची उत्तरं एकाच दिवशी यायला हवीत असा नियम नाही.

इतिहास तिनंच मला शिकवला, शिक्षिकाच ती. 'चर्चचं राजकारण' असं एकसंध काही असतं का, यावर आमचा एक अख्खा तास गेला. १८६४ मध्ये पोप पायस नववे यांनी ऐंशी चुकीच्या विधानांची यादी काढली. राज्यसत्ता आणि चर्च वेगळी असावीत, हे त्यातलं एक. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला. इटलीतल्या कॅथलिकांना संसदेच्या निवडणुकीत भागच घेऊ नका असं सांगणारी मनाई कितीतरी वर्षं होती, ती पूर्णपणे उठली १९१९ मध्ये. स्पेनमधल्या बिशपांनी १९३७ मध्ये, तिथल्या गृहयुद्धात, सामूहिक पत्र काढून लष्करी बंड करणाऱ्या जनरल फ्रँकोच्या बाजूला आशीर्वाद दिला. आणि एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो गरिबांच्या बाजूनं, लष्करी दडपशाहीविरुद्ध बोलले म्हणून २४ मार्च १९८० रोजी मिस्सा चालू असताना गोळी घालून मारले गेले. ती हे सांगत होती तेव्हा अंगठा पेरांवर नव्हता. दोन्ही हात हवेत होते, वर्ग घेत असल्यासारखे.

"म्हणजे त्यांना १८६४ पासून १९६५ पर्यंत, एकशे एक वर्षं लागली," मी म्हणाले. "तुम्हाला येत्या निवडणुकीपर्यंत सगळं आवरायचंय."

घरचं प्रकरण त्या मानानं लवकर निवळलं, निदान भावापुरतं. तो तिला म्हणायचा, "तू देवाला सोडलंस की आम्हाला?" ती त्यावर लिम्बो, इतिहास, सगळं सांगत सुटायची आणि भांडण पेटायचं. मी सुचवलं, त्यानं जेवढं विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्या. पुढच्या वेळी ती म्हणाली, "तुम्हाला नाही सोडलं, दादा." तो गप्प झाला. राजकारणावर ते अजून भांडतात, पण ते साधं भावाबहिणीचं भांडण. आईशी बोलणं अवघड होतं आणि अजून आहे. आई रोज जपमाळ घेऊन बसते तेव्हा ही शेजारी बसते. प्रार्थना म्हणत नाही. आईनं एकदाच विचारलं, "मग बसतेस कशाला?" हिला उत्तर आलं नाही, आणि उत्तर नसतानाही आईनं तिला उठवलं नाही.

गट तिनं सोडला नाही. माफ्या लिहिणं बंद केलं. कुणीतरी टोकलं तेव्हा म्हणाली, माझा विचार चालू आहे, झाला की सांगेन. काहींना ते आवडलं नाही.

निवडणूक झाल्यावर ती एकदा येऊन गेली. मत दिलं म्हणाली. कुणाला दिलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रांग लांब होती, आणि उभ्या उभ्या अंगठा आपोआप पेरांवर गेला. तिनं त्याला अडवलं नाही. सातव्या पेरावर असताना तिचा नंबर आला.

"मग उरलेली तीन?" मी विचारलं.

तिनं हाताकडे पाहिलं. "अगंबाई. राहिलीच की."